पगार : वर्षाला एक डॉलर

आधी आडनावाचा घोळ निस्तरू. रोमन लिपीत हे आडनाव लिहायला सात अक्षरं लागतात आणि त्यातली शेवटची चार एकट्या 'ओ'साठी खर्ची पडलेली असतात. फ्रेंच वळणाच्या न्यू ऑर्लीन्स शहरात 17 फेब्रुवारी 1914 रोजी जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला असं स्पेलिंग यायचंच. उच्चार साधा आहे : डीडो. देवनागरीत दोन अक्षरांत काम भागतं. पूर्ण नाव राउल मार्शल डीडो, पण जगानं त्यांना रॉड म्हटलं. ते स्वतः मात्र समोर येईल त्याला 'टायगर' म्हणायचे. खेळाडू टायगर, पंच टायगर, वार्ताहरही टायगर. नावं लक्षात राहत नसत म्हणून ही युक्ती, असं त्यांची चेष्टा करणारे म्हणत. मला त्यात चाळीतल्या एखाद्या काकांचं 'काय वाघा!' ऐकू येतं.

रॉड डीडो लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूएससीच्या, बेसबॉल संघाचे प्रशिक्षक होते. 1942 ते 1986, पंचेचाळीस हंगाम. 1,332 विजय, 571 पराभव, 11 बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं अकरा. 1970 पासून 1974 पर्यंत ती सलग पाच वर्षं आली. त्यानंतर अर्धं शतक उलटलं, तरी कुठल्याही विद्यापीठाला सलग तिसरं विजेतेपदसुद्धा साधलेलं नाही. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याइतके सामने कॉलेज बेसबॉलमध्ये कोणी जिंकलेले नव्हते. 'कॉलेजिएट बेसबॉल' या नियतकालिकानं 1999 मध्ये त्यांना शतकाचा प्रशिक्षक ठरवलं.

या सगळ्याचा मोबदला म्हणून विद्यापीठाकडून ते घेत वर्षाला एक डॉलर.

हे पुस्तक त्या एका डॉलरपायी लिहिलं गेलं आहे. जिंकण्याहरण्याचे आकडे कुठल्याही नोंदवहीत सापडतात. पण पंचेचाळीस वर्षं दुपारनंतर मैदानावर उभं राहून दुसऱ्यांची पोरं घडवणाऱ्या आणि त्याचे पैसे न घेणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे मराठीत जितक्या चटकन सांगता येतं तितकं इंग्रजीत येत नसावं. आपल्याकडे त्याला 'हौशी' म्हणतात. हा शब्द कुणी कमीपणानं वापरला की मला राग येतो. दिवसभर बँकेत खतावण्या करून संध्याकाळी तालमीला धावणाऱ्यांच्या जोरावर या राज्यात राज्य नाट्य स्पर्धा उभी राहिली. कचेरीतून सुटून मैदान गाठणाऱ्यांनी मुंबईचं क्लब क्रिकेट चालवलं. हौशी माणूस कामात कच्चा असतो असं नाही, त्याचं पोट त्या कामावर नसतं इतकंच. डीडोंचं पोट ट्रकवर होतं.

ट्रकची गोष्ट अशी. पदरचे पाचशे डॉलर घालून डीडोंनी मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. नाव ठेवलं 'डार्ट'. त्याच्या इंग्रजी अक्षरांत त्यांचं आडनाव, गाडीदुरुस्ती आणि वाहतूक ही तिन्ही आली. काळ मंदीचा होता, पण लॉस एंजेलिस वाढत होतं, बंदर वाढत होतं आणि माल इकडून तिकडे नेणाऱ्याला मरण नव्हतं. धंदा इतका फोफावला की पुढे विद्यापीठाच्या पगाराची गरजच उरली नाही. सकाळी मालक आणि दुपारी मास्तर, असा दिनक्रम लागला.

पण धंद्याकडे वळण्याआधी त्यांना स्वतःला खेळायचं होतं, आणि तिथेच खरं दुखणं आहे. यूएससीच्या संघात ते शॉर्टस्टॉप होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा म्हणजे मैदानातली सगळ्यात चपळ पायांची आणि तल्लख डोक्याची जागा. शेवटच्या वर्षी ते कर्णधार झाले. शेजारच्या ग्लेनडेल गावात केसी स्टेंगल नावाचे एक वल्ली गृहस्थ राहत आणि ते तेव्हा ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर होते. त्यांनी या पोराला हेरलं. 1935 च्या सप्टेंबरात डीडो ब्रुकलिनकडून दोन सामने खेळले. पुढच्याच वर्षी पाठीच्या मणक्याला दुखापत झाली आणि वरच्या दर्जाचा खेळ तिथेच संपला. वय बावीस.

इथे मराठी वाचकाला एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. रमाकांत आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले, 1963-64 च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून. आणि मग शिवाजी पार्कवर पोरं घडवत बसले. स्वतःच्या वाट्याला पुरेसं न आलेलं दुसऱ्याला भरभरून देणाऱ्यांची ही जात जगभर एकच असावी. तुलना मी एवढ्यावरच थांबवतो, कारण फरकही मोठे आहेत. सरांच्या मैदानाला कुंपण नव्हतं आणि विद्यार्थी मुंबईच्या मधल्या थरातले होते. डीडोंच्या मागे एक धनाढ्य खासगी विद्यापीठ आणि बारमाही ऊन पडणारं शहर उभं होतं. मिनेसोटात बर्फ वितळायची वाट बघत पोरं व्यायामशाळेत बॅट फिरवत असतील, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये अर्धा हंगाम खेळून झालेला असायचा. हे विसरून नुसत्या विजेतेपदांची मोजदाद केली, तर बिचाऱ्या मिनेसोटावर अन्याय होईल. मिनेसोटाचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. त्यांची पाळी पुढे येणार आहे.

कॉलेज बेसबॉल ही काय चीज आहे, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. मलाही ते कळायला वेळ लागला. आपल्याकडे विद्यापीठाचं क्रिकेट कधीकाळी महत्त्वाचं होतं, रोहिंटन बारिया करंडकात चमकलेला पोरगा रणजीच्या दारात उभा राहायचा. आता त्या स्पर्धेकडे फारसं कुणी बघत नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा खेळ ही स्वतंत्र दुनिया आहे. तिला शिष्यवृत्त्या आहेत, प्रेक्षक आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं आहेत. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनमध्ये आठ संघ उरतात, ते नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा गावी जमतात. 1950 पासून ही जत्रा ओमाहालाच भरते. अंतिम लढत गाठेपर्यंत तिथे दोनदा हरलं की घरी. एका पराभवानं कोणी बाद होत नाही, म्हणून एखादा वाईट दिवस पचवता येतो. दोन वाईट दिवस पचत नाहीत.

प्रशिक्षकाच्या दृष्टीनं मेख वेगळीच आहे. त्याच्या हातात माणूस टिकत नाही. मुलगा अठराव्या वर्षी येतो, तीन-चार वर्षांत हातातोंडाशी येतो आणि जातो. 1965 पासून व्यावसायिक संघांची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, सुरू झाली. चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झालेल्या मुलाला तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही, पण त्यानंतर चांगला खेळाडू चौथ्या वर्षासाठी थांबेल याचा काहीच भरवसा नसतो. मुंबईच्या रणजी संघानं सलग पंधरा विजेतेपदं जिंकली, पण त्या संघात तेच तेच मोठे खेळाडू वर्षानुवर्षं खेळत होते. डीडोंचा 1970 चा संघ आणि 1974 चा संघ यांत जवळजवळ कोणीही सामाईक नसणार, हे कॉलेजच्या कॅलेंडरनंच ठरवलेलं. पाच वर्षांत सामाईक राहिले ते कपडे, मैदान आणि मास्तर.

मास्तरकी मात्र त्यांच्याकडे अपघातानं आली. यूएससीचे प्रशिक्षक सॅम बॅरी होते. हे बास्केटबॉलमधलंही मोठं नाव, त्या खेळातल्या त्रिकोणी चढाईच्या पद्धतीचा उगम त्यांच्यापर्यंत नेतात. 1942 मध्ये बॅरी युद्धामुळे नौदलात गेले आणि जाताना संघ आपल्या जुन्या कर्णधाराकडे सोपवून गेले. परत आल्यावर एखाद्यानं 'दे माझी खुर्ची' म्हटलं असतं, आणि ते गैरही नव्हतं. पण दोघांनी मिळून संघ चालवला, 1950 मध्ये बॅरींचं निधन होईपर्यंत. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, 1948 चं, दोघांच्या नावावर आहे. मिशिगनमधल्या कलामझू गावी झालेल्या त्या अंतिम लढतीत समोर येल विद्यापीठ होतं आणि येलचा कर्णधार, पहिल्या बेसवर उभा राहणारा एक उंच, किडकिडीत डावखुरा तरुण, जॉर्ज बुश. तोच, पुढे अमेरिकेचा एक्केचाळिसावा अध्यक्ष झालेला. तीन सामन्यांची लढत यूएससीनं दोन विरुद्ध एक अशी जिंकली.

स्टेंगल यांच्याशी जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली. दोन सामने खेळवून ज्याचं करिअर संपलं त्या पोराशी एवढ्या मोठ्या माणसानं नातं राखलं, यातून दोघांचाही स्वभाव कळतो. स्टेंगल पुढे न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाचे मॅनेजर झाले आणि 26 मार्च 1951 रोजी ते आपला अख्खा संघ घेऊन यूएससीच्या बोवार्ड फील्डवर सरावाचा सामना खेळायला आले. कॉलेजची पोरं आणि जगज्जेते. यांकीजमध्ये मिकी मँटल नावाचा एकोणीस वर्षांचा नवखा होता. त्यानं त्या दिवशी दोन होम रन मारले, एक डाव्या हातानं खेळून आणि एक उजव्या. त्यातला एक चेंडू कुंपण ओलांडून पलीकडच्या फुटबॉलच्या मैदानात गेला. तो नक्की किती लांब गेला याचे आकडे सांगणाऱ्यागणिक वाढत गेले आहेत. साडेसहाशे फुटांपर्यंतची मजल मी वाचली आहे आणि तिच्यावर माझा विश्वास नाही. यूएससी 15-1 अशी हरली. आयुष्यातल्या इतक्या दारुण पराभवाची आठवण डीडो म्हातारपणी कौतुकानं सांगत. खेळावर जीव असलेला माणूस ओळखायला मला ही खूण पुरते. समोरच्यानं मारलेला फटका त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

डीडोंची शिकवण्याची पद्धत काय होती? याचं उत्तर एका ओळीत द्यायचं झालं तर त्यांचंच आवडतं, उलट्या वळणाचं वाक्य सांगावं लागतं. लोक म्हणतात, एकच चूक दोनदा करू नये. डीडो म्हणत, एकच चूक एकदाही करू नका. ऐकताना हसू येतं, पण मैदानावर त्याचा अर्थ कडक होता. चेंडू हातातून सुटला तर माफ. त्याला हाताची चूक म्हणायचं. पण कुठल्या बेसकडे फेकायचा हे चेंडू येण्याआधी ठरलेलं नसेल, किती बाद झालेत हे ध्यानात नसेल, तर ती डोक्याची चूक, आणि तिला माफी नाही. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे वेळ बराच असतो. पाहणाऱ्याला तो रिकामा वाटतो. डीडोंचा सगळा अभ्यासक्रम त्या रिकाम्या वेळाचा होता. पुढच्या चेंडूवर काय काय होऊ शकतं आणि त्यातल्या प्रत्येक वेळी मी कुठे असेन, हे मनात घोळवत राहायचं. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत गायक थांबलेला असताना तबलजी ज्या तयारीनं बसलेला असतो, ती तयारी.

ही तयारी काय करू शकते हे 1973 च्या ओमाहात दिसलं. आता मिनेसोटाची पाळी. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेव्ह विनफील्ड, सहा फूट सहा इंचांचा धिप्पाड गडी. अंगात इतका खेळ की त्याला बेसबॉलबरोबरच बास्केटबॉलच्या आणि अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनीही निवडलेलं. त्या दिवशी त्यानं आठ इनिंगमध्ये यूएससीला एकच हिट मिळू दिला होता. पंधरा जणांना स्ट्राइक आउट केलं होतं. फलक 7-0. नऊ इनिंगच्या सामन्यात शेवटची इनिंग उरलेली, आणि समोरच्याला बॅटची कड लागत नव्हती. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर, एखाद्या वेगवान गोलंदाजानं सात गडी बाद करून ठेवलेत आणि उरलेल्या तिघांना शंभर धावा काढायच्या आहेत, साधारण असं.

विनफील्ड दमला होता. आपल्याला हे आज कळतं. यूएससीच्या बाकावर बसलेल्यांना ते तेव्हाच कळलं, हे महत्त्वाचं. एक साधा हिट पडला, मग दुसरा. विनफील्डला पिचिंगवरून काढून लेफ्ट फील्डला पाठवलं, नवे पिचर आले, आणि धावा थांबेनात. त्या एका इनिंगमध्ये आठ धावा झाल्या. यूएससी 8-7 नं जिंकली आणि अंतिम सामन्यात ॲरिझोना स्टेटला 4-3 असं हरवून सलग चौथं विजेतेपद घेऊन गेली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड मात्र विनफील्डचीच झाली, आणि ती योग्यच होती.

त्या पाच वर्षांचे अंतिम सामने एकाखाली एक लिहून बघितले तर आणखी एक गंमत दिसते. 1970 मध्ये फ्लोरिडा स्टेटविरुद्ध 2-1, तेही पंधरा इनिंग खेळून. 1972 मध्ये 1-0. 1973 मध्ये 4-3. धुव्वा उडवणारे विजय थोडेच. एका धावेनं जिंकलेला सामना नशिबानं जिंकला म्हणतात, पण पाच वर्षांत तीनदा तेच घडलं तर नशिबापेक्षा दुसरं काही शोधायला हवं. डोक्याच्या चुका न करणं हे ते दुसरं काही असावं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

शिष्यांची यादी लांब आहे आणि तिच्या मोहात पडू नये असं मी ठरवलं होतं. ते काही जमत नाही. टॉम सीव्हर घ्या. फ्रेस्नोच्या एका छोट्या कॉलेजातून तो यूएससीत आला आणि 1966 च्या सुरुवातीला अटलांटा ब्रेव्ज संघानं त्याच्याशी करार केला. पण कॉलेजचा हंगाम सुरू झाल्यावर करार करायला बंदी होती आणि यूएससी त्या वर्षी दोन सामने खेळून बसली होती. बेसबॉलच्या आयुक्तांनी करार रद्द केला. मुलगा कॉलेजात परत आला, तर कॉलेज खेळांची संघटना म्हणाली, तू करारावर सही केलीस, आता तू हौशी उरला नाहीस, खेळू शकत नाहीस. ना घरचा ना घाटाचा. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ब्रेव्जइतके पैसे द्यायला तयार असलेले तीन संघ पुढे आले, टोपीतून न्यूयॉर्क मेट्सचं नाव निघालं, आणि सदा तळाला असलेल्या त्या संघाला सीव्हरनं 1969 मध्ये जगज्जेतं केलं. टोपीतून दुसरी चिठ्ठी निघाली असती तर न्यूयॉर्कच्या एका पिढीचं बालपण वेगळं गेलं असतं.

फ्रेड लिन यूएससीत आला तो फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. बेसबॉलकडे वळला, 1971 ते 1973 ची तिन्ही विजेतेपदं घेऊन गेला आणि 1975 मध्ये बोस्टनसाठी एकाच हंगामात सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान मिळवणारा पहिला ठरला. मार्क मॅग्वायर आला पिचर म्हणून, गेला होम रनचा राक्षस म्हणून. 1984 च्या एका कॉलेज हंगामात बत्तीस होम रन. 1998 मध्ये त्यानं सत्तर होम रन मारले तेव्हा अमेरिका त्याच्या पायाशी होती, आणि 2010 मध्ये त्यानं स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली तेव्हा ती विटलेली होती. डीडो 5 जानेवारी 2006 रोजी गेले. ही कबुली ऐकायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आणि रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच, डावखुरा, चेंडूला भयानक वेग, पण तो कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसायचं. कॉलेजच्या तीन वर्षांत तो ताब्यात आला नाही. तो जगातला सर्वांत भीतिदायक पिचर झाला तो पुढे कित्येक वर्षांनी, दुसऱ्यांच्या हाताखाली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. प्रशिक्षकांच्या चरित्रात शिष्याचं प्रत्येक यश गुरूच्या खात्यावर जमा करायची खोड असते. आपल्याकडे तर ती फारच. जॉन्सनच्या यशात डीडोंचा वाटा किती? त्यांनी त्याला चेंडू हातात ठेवू दिला, तो दहा वेळा चुकला तरी अकराव्यांदा उभा केला. एवढाच. मला तो पुरेसा वाटतो.

आता पडती बाजू. 1978 चा संघ डीडोंच्या उत्तम संघांपैकी एक होता आणि अकरावं विजेतेपद त्यानं मिळवलं. त्यानंतर आठ वर्षं डीडो प्रशिक्षक होते आणि त्या आठ वर्षांत यूएससी ओमाहाला एकदाही पोहोचली नाही. का? शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा आल्यानं बड्या विद्यापीठांना चांगली पोरं साठवून ठेवता येईनात, हे एक कारण. फ्लोरिडात, टेक्ससमध्ये, पुढे लुइझियानात विद्यापीठांनी या खेळात पैसा ओतला, पूर्णवेळचे प्रशिक्षक नेमले, हे दुसरं. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या, अर्धा दिवस धंदा सांभाळणाऱ्या माणसाला देशभर फिरून सतरा वर्षांच्या मुलांच्या आईबापांची मनं वळवणं जमणार नव्हतं, हे तिसरं, आणि मला वाटतं सगळ्यात खरं. हौसेच्या बळावर शिखर गाठता येतं. समोरचे सगळे त्यावर पोट भरायला लागले की हौशी माणूस मागे पडतो. मराठी रंगभूमीनं हे पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. एक डॉलर पगार ही गोष्ट ऐकायला सुंदर, पण ती परवडते कुणाला? ज्याचे ट्रक चालतात त्याला. हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यकाला, भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण प्रशिक्षकाला हा आदर्श दाखवला तर ती क्रूर थट्टा ठरेल. आज बड्या विद्यापीठांचे बेसबॉल प्रशिक्षक वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे कमावतात आणि त्याबद्दल नाक मुरडणारे लोक डीडोंचं नाव पुढे करतात. मी त्यांच्यातला नाही. डीडोंनीही कधी कुणाला 'फुकट करा' असं सांगितल्याचं मला आढळलेलं नाही. त्यांनी फक्त स्वतः घेतले नाहीत.

यशाचं माप तरी काय लावायचं, हाही प्रश्न आहेच. फ्लोरिडा स्टेटच्या माइक मार्टिन यांनी 1980 ते 2019 या चाळीस हंगामांत 2,029 सामने जिंकले. डीडोंपेक्षा जवळजवळ सातशे जास्त. चाळीसच्या चाळीस वर्षं त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, सतरा वेळा ओमाहाला गेला, आणि विजेतेपद एकही नाही. डीडोही सतराच वेळा ओमाहाला गेले किंवा त्याआधीच्या कलामझू-विचिटाला, आणि त्यांतून अकरा विजेतेपदं आणली. एकाच शिडीवर सतरा वेळा चढलेली ही दोन माणसं. मार्टिन यांच्यावर कुणीतरी मराठीत लिहायला हवं. माझ्याच्यानं आता होणार नाही.

जपानचं प्रकरण या पुस्तकात अपेक्षेपेक्षा मोठं झालं आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बेसबॉल निव्वळ प्रदर्शनासाठी होता, पदक नव्हतं. तिथे अमेरिकेचा हौशी संघ नेला डीडोंनी. युद्ध संपून दोन दशकंही पुरी झाली नव्हती. पुढे अमेरिका आणि जपानच्या कॉलेज संघांमध्ये नेमानं सामने सुरू झाले, त्यामागेही ते होते. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा अमेरिकेचा संघ त्यांच्याकडेच. सामने त्यांच्याच गावात, डॉजर स्टेडियमवर, आणि संघात त्यांचाच मॅग्वायर. अंतिम सामन्यात जपाननं 6-3 असं हरवलं. वीस वर्षं ज्यांच्याशी खेळण्यासाठी धडपड केली, त्यांनीच घरच्या अंगणात येऊन सोनं नेलं.

निवृत्तीनंतरही हात शिवशिवत होतेच. 1989 मध्ये आलेल्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' चित्रपटात नटांना बेसबॉल खेळायला शिकवण्याचं काम त्यांनी केलं. रे लिओटानं त्यात शूलेस जो जॅक्सन या जुन्या बेसबॉलपटूची भूमिका केली आहे. खरा जॅक्सन डाव्या हातानं बॅट धरायचा आणि लिओटा पडद्यावर उजव्या हातानं खेळतो. जाणकारांनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. फटका मात्र तो अस्सल मारतो.

आपल्या बाजूनं या गोष्टीला एक धागा येऊन मिळतो, तो सांगितल्याशिवाय प्रस्तावना पुरी करवत नाही. 2008 मध्ये भारतात एक टीव्ही स्पर्धा झाली. ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नाही, अशा हजारो मुलांतून सर्वांत वेगानं चेंडू फेकणारे शोधायचे. निवडले गेले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. त्यांना अमेरिकेत नेऊन पिचिंग शिकवायला ठेवलं टॉम हाउस यांच्याकडे, आणि शिकवणी झाली यूएससीत. हाउस म्हणजे कोण, तर साठच्या दशकात डीडोंच्या हाताखाली यूएससीकडून खेळलेला डावखुरा पिचर. हँक आरननं 1974 मध्ये बेब रूथचा विक्रम मोडला, तो 715 वा होम रन कुंपणापलीकडे झेलणारा माणूस हाच. काही महिन्यांत त्या दोघा मुलांना पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत, दोघेही पोहोचले नाहीत. पण डीडोंच्या एका पोरानं, त्यांच्याच विद्यापीठात, भाला फेकणाऱ्या हातांना बेसबॉल धरायला शिकवलं.

पुढच्या पानांत बेसबॉलचे शब्द मी शक्यतो आहेत तसेच ठेवले आहेत. 'पिचर'ला 'फेकाडू' वगैरे करून पाहिलं, तर स्वतःलाच हसू आवरेना. धावफलक जिथे दिले आहेत तिथे ते सावकाश वाचावेत. या खेळात 1-0 हा आकडा रटाळ नसतो.

पहिलं प्रकरण 1935 च्या सप्टेंबरात, ब्रुकलिनमध्ये सुरू होतं. एकवीस वर्षांचा एक शॉर्टस्टॉप, दोन सामने, चार वेळा बॅट हातात आणि एक हिट.